पंखे फिरतायत, लाइटी लागल्यात, स्क्रीन मात्र काळीच

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि त्यातली निम्मी एकाच दुखण्याची. नवीन गेमिंग पीसी जोडला, बटण दाबलं, सगळं झगमगलं आणि मॉनिटरवर काहीच नाही. म्हणून एकाच पत्राला जास्त जागा देतोय, बाकीच्यांनी आपलं उत्तर त्यातच हुडकावं, राग मानू नये.

प्रश्न : दादा नमस्कार, मी निपाणीजवळच्या खेड्यातला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं घरात मागं लागलो होतो, शेवटी यंदा उसाचं बिल जमा झालं तेव्हा बाबांनी पैसे दिले. प्रोसेसर रायझन ५ ५६००, मदरबोर्ड बी४५० चा, दुकानात जुना स्टॉक पडून होता म्हणून स्वस्तात मिळाला. रॅम ८ जीबीच्या दोन, ३२०० वाल्या, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, एसएमपीएस ६५० वॅटचा. व्हिडिओ बघत बघत मी आणि चुलतभावानं रात्री दोनपर्यंत बसून जोडला. बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, रॅमच्या लाइटी लागतात, कार्डाचा पंखा पण फिरतो, पण मॉनिटरवर नो सिग्नल. आधी एचडीएमआयची वायर वर बोर्डाला लावली होती, मग एकानं सांगितलं म्हणून खाली कार्डाला लावली तरी तेच. बोर्डावर कोपऱ्यात एक बारकी लाल लाइट लागूनच राहते, तिच्याजवळ सीपीयू असं लिहिलंय. रॅम प्रोसेसरच्या बाजूच्या पहिल्या दोन स्लॉटात घातल्यात. ओळखीतला एक जण म्हणतोय कार्ड उडालंय, दुसरा म्हणतोय एसएमपीएस बदल. चार दिवस झाले हेच करालोय, बाबा रोज जेवताना विचारतात चालू झाला का. काय करू?

उत्तर : आधी बाबांना सांग की बहुतेक काहीही उडालेलं नाही, आज सुखानं जेवा. आणि तू त्या दोघांचं ऐकून काही विकत घेऊ नकोस, कारण तुझ्या पत्रात उत्तर तूच लिहून पाठवलंयस, एका ठिकाणी जुना स्टॉक म्हणालास आणि एका ठिकाणी ती लाल लाइट. त्यावर येतोच, पण आधी दोन-तीन गोष्टी तपासून घे, नाहीतर उगाच बेळगावची चक्कर पडेल.

पंखे फिरतात यावर सगळ्यांचा लई विश्वास असतो. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात, ते एसएमपीएसकडनं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडनं, मिळाले की तो फिरणार, प्रोसेसर जागा आहे का झोपलाय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. कितीतरी बोर्डांवर प्रोसेसर काढून ठेवला तरी पंखे फिरतात. रॅमच्या रंगीत लाइटींचं पण तेच, वीज पोचली की त्या नाचतात. तेव्हा सगळं चालू आहे फक्त डिस्प्ले नाही असं समजू नकोस, मशीन अजून चालूच झालेलं नाही असं समज, म्हणजे डोकं योग्य दिशेनं चालेल.

आता ती वायर. खाली कार्डाला लावलीस ते बरोबर, तिथंच राहू दे. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळं बोर्डावरचं एचडीएमआयचं भोक तुझ्यासाठी नुसतं शोभेचं आहे. ५६००जी असता तर चाललं असतं, त्या जी अक्षराचे पैसे ग्राफिक्सचेच असतात. इंटेलवाल्यांनी शेवटी एफ आहे का बघावं, १२४००एफ वगैरे, त्यात पण ग्राफिक्स नसतं. हसू नका, मी स्वतः ह्यात फसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी टिळकवाडीत आरपीडी क्रॉसजवळ खोली करून राहत होतो तेव्हा पहिला पीसी जोडला, दोन दिवस डोकं फोडलं, आणि शेवटी अख्खं कॅबिनेट चादरीत गुंडाळून एसटीनं कोल्हापूरला नेलं. मांडीवर. तिथल्या दुकानातल्या पोरानं मागं वाकून बघितलं, वायर वरनं काढली, खाली लावली, झालं. माझ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होतं पण कार्ड बसवलं की बहुतेक बोर्ड वरचं भोक आपोआप बंद करतात हे मला कोण सांगणार. पोरगं हसलं पण नाही आणि पैसे पण घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

मॉनिटर आणि वायर चांगली आहे ना हे बघायला दुसरा पीसी कशाला पाहिजे, घरातल्या टीव्हीचा सेट टॉप बॉक्स काढ आणि पीसीच्याच वायरीनं मॉनिटरला लाव, चित्र आलं की ते दोघं सुटले. मॉनिटरच्या मेनूत इनपुट एचडीएमआयवरच आहे ना तेवढं बघ. आणि दुसऱ्या वाचकांसाठी एक युक्ती, वायरवाला कीबोर्ड लावून मिनिटभरानं नम लॉक दाबा, त्याची लाइट लागते-विझते म्हणजे मशीन आत चालू झालंय आणि भानगड कार्ड, वायर, मॉनिटर ह्या बाजूला आहे. तुझ्याकडं ती हलणार नाही असं मी इथं बसून सांगतो.

कारण ती लाल लाइट. बोर्डावर अशा चार लाइटी असतात, सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि बूट म्हणजे ज्यावरनं विंडोज चालू होतं ती डिस्क. चालू करताना बोर्ड एकेकाची हजेरी घेतो, ज्याची हजेरी चालू असते त्याची लाइट लागते, तो हजर म्हणाला की विझते आणि पुढची लागते. जी लागून राहिली तिथं गाडी अडकली. तुझी पहिल्याच ठिकाणी अडकलीय. कार्डाची हजेरी तिसरी, तिथपर्यंत बोर्ड पोचलाच नाही, मग कार्ड उडालं हे त्या माणसाला कळलं कसं? गाडी तवंदी घाट चढायच्या आधीच बंद पडलीय आणि लोक म्हणतायत पार पुढं हत्तरगीच्या टोलवर अडवली असंल.

सीपीयूवर अडकायची कारणं तीन, आणि तपासायची ह्याच क्रमानं.

पहिलं, प्रोसेसरची वेगळी वीज. बोर्डाला २४ पिनची रुंद वायर लागते ती सगळेच लावतात, पण वर डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या मागं, आणखी एक ८ पिनचं सॉकेट असतं. बोर्ड कॅबिनेटात बसवल्यावर तिथं बोटं जात नाहीत म्हणून ते राहतं किंवा अर्धवट बसतं. टॉर्च मारून बघ, कडीनं दात पकडलाय का. आणि तिथं घातलेली वायर कुठली आहे ते पण बघ, कारण एसएमपीएसमधनं ८ पिनच्या दोन जातीच्या वायरी येतात आणि लांबून दोन्ही सारख्या दिसतात. प्रोसेसरची असते ती मधोमध फुटते, ४ आणि ४. कार्डाची असते ती ६ आणि २ अशी फुटते. भोकांचे आकार वेगळे असतात म्हणून चुकीची वायर सहज जात नाही, पण रात्री दोन वाजता दोन भाऊ जोर लावाय लागले तर काय पण जातं. जोर लावावा लागला असेल तर काढून नीट बघ.

दुसरं, वाकलेली पिन. एएम४ च्या, म्हणजे तुझ्या बोर्डाच्या सॉकेटात बसणाऱ्या, प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, भाताच्या रोपासारख्या रांगेत. एक वाकडी झाली की खेळ बंद. पण हे बघायला कूलर काढावा लागतो आणि इथंच घात होतो, कूलर आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट गोंदासारखी धरते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर बंद कडीतनं उपटून बाहेर येतो, पिना तेव्हाच वाकतात. म्हणून स्क्रू सोडव, कूलर डावीकडं उजवीकडं हळूहळू पिळ, सैल झाला की मग उचल. बसवताना प्रोसेसर नुसता ठेवल्यावर आपोआप खाली बसला होता, दाबावा लागला नव्हता, असं आठवत असेल तर ही पायरी आत्ता सोड, उगाच उघडू नको. उघडलासच तर जुनी पेस्ट पुसून नवीन वाटाण्याएवढी लावावी लागते हे लक्षात ठेव.

तिसरं कारण, आणि माझा सगळा संशय ह्याच्यावर, बायोस, म्हणजे चालू होताना बोर्ड सगळ्यात आधी वाचतो ते त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, जुना आहे. बी४५० चे बोर्ड आले २०१८ ला. रायझन ५००० ची पिढी आली नोव्हेंबर २०२० ला, आणि तुझा साधा ५६०० तर एप्रिल २०२२ ला. म्हणजे बोर्ड कारखान्यातनं निघाला तेव्हा तुझ्या प्रोसेसरचं बारसं पण झालेलं नव्हतं. त्याला ओळखायची माहिती बोर्डाच्या बायोसमध्ये नंतर अपडेटनं आली, पण दुकानात खोक्यात पडून राहिलेल्या बोर्डाला ते अपडेट कोण करणार? सॉकेट तेच, प्रोसेसर बरोबर बसतो, वीज पोचते, पण बोर्ड विचारतो तू कोण आणि तिथंच थांबतो. दोघंही निर्दोष आहेत. स्वस्त मिळाला तो ह्यासाठीच असं मी म्हणत नाही, पण जुना स्टॉक घेताना बायोस कुठला आहे हे विचारायचं असतं आणि विकणाऱ्यानं न विचारता सांगायचं असतं.

खात्री कशी करायची ते सांगतो. बोर्डाच्या खोक्यावर रायझन ५००० डेस्कटॉप रेडी असं स्टिकर आहे का बघ, असेल तर माझा संशय बराच कमी. नसेल तर बोर्डावर बारीक अक्षरांत छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन नंबर लिहून घे, कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात ५६०० च्या ओळीत किमान कुठला बायोस पाहिजे ते दिलेलं असतं. बोर्डावरच्या छोट्या स्टिकरवर बऱ्याचदा आत्ताचा बायोस नंबर असतो, तो ताडून बघ.

अपडेट करायचे रस्ते दोन. काही बोर्डांवर मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशचं बटण असतं, ते असेल तर नशीबवान आहेस, डिस्प्ले नसताना घरीच होतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बायोसची फाइल त्यात टाकायची, तिचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं बदलायचं, आणि ज्या यूएसबीच्या भोकाला खूण आहे त्याच भोकात लावायचा, शेजारच्या नाही. बोर्डाच्या दोन्ही वायरी लावून एसएमपीएसचं बटण चालू करायचं, पीसीचं नाही, आणि फ्लॅशचं बटण दाबून धरायचं, लाइट लुकलुकायला लागली की हात लावायचा नाही. काही मिनिटं लागतात. ह्या काही मिनिटांत करंट गेला तर बोर्डाचं काय होईल सांगता येत नाही, त्यामुळं पाऊस पडत असताना हे काम काढू नको, कुणाकडनं तरी यूपीएस आण, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर चालेल.

बटण नसेल तर बोर्डाला त्याच्या ओळखीचा जुना प्रोसेसर दाखवावा लागतो, २६०० सारखा, तो लावून चालू करायचा, बायोस नवीन करायचा, मग तुझा परत लावायचा. असले प्रोसेसर दुकानातच मिळतात, म्हणून जिथनं घेतलास तिथं ने. भांडायला जाऊ नको, बायोस अपडेट करून द्या एवढंच म्हण, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. नेताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात घाल, जड कार्ड स्लॉटात लटकत राहिलं आणि हायवेला दोन गचके बसले की स्लॉट चिरतो.

बायोस झाल्यावर रॅम पहिल्या दोन स्लॉटांतनं काढ. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडनं मोजून दुसरा आणि चौथा, बोर्डावर ए-टू, बी-टू असं लिहिलेलं असतं. रॅम बसवायची पण एक पद्धत आहे. बऱ्याच बोर्डांवर फक्त वरच्या टोकाला कडी असते, खालच्या टोकाला नसते, त्यामुळं वरची कडी बसली की आपण खूश होतो आणि खालचं टोक तांदळाएवढं वर राहिलेलं दिसतच नाही. अंगठा आधी खालच्या टोकावर दाब, मग वरच्या, आवाज येतो, खट् असा, बोर्ड जरा वाकल्यासारखा वाटतो, घाबरू नको. नंतर बाजूनं डोळा लावून बघ, सोनेरी पट्टी सगळीकडं सारखीच बुडलेली दिसली पाहिजे.

पहिल्यांदा चालू करताना एकच रॅम लाव. दोन-तीनदा आपोआप बंद होऊन चालू होईल, होऊ दे. चित्र आलं की रॅमचा वेग २१३३ किंवा २४०० दाखवेल, ३२०० चे पैसे घेऊन फसवलं म्हणून लगेच दुकानात फोन लावू नको, तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्यावर मिळतो. ते केल्यावर परत स्क्रीन काळी झाली तर पीसी बंद कर, वायर काढ, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धर, बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेव आणि परत लाव, सगळं मूळ जागी येतं.

एवढं करून पण सीपीयूची लाइट तशीच राहिली तर बोर्ड कॅबिनेटातनं काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड लावून बघ, बाकी यूएसबी, हार्ड डिस्क सगळं बाजूला. कॅबिनेटात बोर्डाखाली त्याला उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ असतात, त्यातला एखादा नको तिथं राहिला की बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो, बाहेर काढल्यावर चालू झालं तर चोर तोच. चालू करायला कॅबिनेटचं बटण नसणार, पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकव.

आणि एसएमपीएस बदलायची हौस आलीच तर जुन्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी नव्याला लावू नकोस, भोकं जुळतात पण आतली वायरिंग वेगळी असू शकते, त्यात खरंच कार्ड आणि बोर्ड उडतात. मग तो ओळखीतला माणूस बरोबर ठरेल.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर आठ महिने चांगला चालला. मुलगा पावसाळ्यात दीड महिना पुण्याला होता, तेवढे दिवस बंद राहिला. आता चालू केला तर स्क्रीन येत नाही आणि आतून लांब बीप येत राहतात. शिवाय कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. मुलगा म्हणतो ते नेहमीचंच आहे. दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : ताई, दुरुस्तीला द्यायच्या आधी दहा मिनिटं आणि एक खोडरबर खर्च करा. खानापूरच्या पावसाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं रॅमच्या पट्टीवर ओल बसणारच. सारखी बीप वाजते तेव्हा बहुतेक वेळा बोर्ड रॅमसाठी ओरडत असतो. वायर काढून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी दोन्ही बाजूंनी पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं घासा, कीस झटकून टाका, स्लॉटात तोंडानं फुंकर मारू नका कारण त्यात थुंकी जाते, कोरड्या ब्रशनं साफ करा, आणि घट्ट बसवा. ग्राफिक्स कार्डालाही तेच. कॅबिनेट फरशीवर असेल तर पाटावर उचलून ठेवा, आणि पावसाळ्यात वापर नसला तरी आठवड्यातनं दोनदा तासभर चालू ठेवा.

त्या मुंग्यांचं मात्र नेहमीचंच आहे म्हणून सोडू नका. एसएमपीएसच्या आत वीज गाळायचे छोटे कपॅसिटर असतात, त्यातनं थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि तो अर्थिंगच्या वायरीतनं जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसलं की तो पत्र्यावरच राहतो आणि तुमच्या हातातनं जातो. इलेक्ट्रिशियनला बोलवून त्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या, तिसरं भोक नुसतंच आहे का त्याला वायर आहे ते उघडून बघायला सांगा. ते होईपर्यंत ओल्या हातानं किंवा अनवाणी त्या कॅबिनेटला हात लावू देऊ नका, मुलालाही.

प्रश्न : दादा, मी अनगोळची, इंजिनिअरिंगला आहे. रायझन ७६०० आणि डीडीआर५ रॅमचा पीसी काल जोडला. चालू केला की स्क्रीन काळी, डीरॅमची लाइट लागते. दोन-तीन मिनिटं वाट बघून बंद करते, परत चालू करते, असं वीस वेळा केलं. रॅम खराब आहे का?

उत्तर : वीस वेळा तू त्याला अर्ध्या वाटेतनं परत आणलंस की गं. डीडीआर५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी जुळवून घेत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. काही मिनिटं तर लागतातच, रॅम जास्त असली की आणखी. मध्ये बंद केलं की पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. चालू कर आणि चहा करायला जा, पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नको. बायोस अपडेट केला, बॅटरी काढली किंवा रॅम बदलली की हा कार्यक्रम परत होतो, एरवी सहसा नाही.

तुझ्या ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे, तेव्हा कार्डाचा संशय नको म्हणून कार्ड काढून वायर बोर्डालाच लावून बघ. पंधरा मिनिटांत आलं नाही तर एकच रॅम ए-टू मध्ये ठेवून परत पंधरा मिनिटं, मग तीच जागा दुसऱ्या रॅमनं. तरी काही नाही तर कुठली लाइट अडकली ते लिहून पाठव, आणि फोटो पाठवलास तर जवळनं काढ, मागच्या वेळी एकीनं पाठवला त्यात पडदा आणि मांजर स्पष्ट होतं, बोर्ड नव्हता.